केंद्र सरकारच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवायची: तरुणांसाठी मार्गदर्शक

लोकसभेला मत द्यायचं तर वय १८ लागतं, उभं राहायचं तर २५, राज्यसभेवर जायचं तर ३०. केंद्र सरकारने काढलेल्या नियमांच्या मसुद्यावर हरकत नोंदवायला मात्र वयाची अट नाही. अकरावीतली मुलगी ती नोंदवू शकते, आयटीआयचा विद्यार्थी नोंदवू शकतो. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही, वकील लागत नाही, संघटनाही लागत नाही. प्रवेश परीक्षा, विद्यापीठातल्या नेमणुका, मोबाइलवरचा डेटा, पर्यावरणाच्या परवानग्या, शैक्षणिक धोरण या सगळ्यांवर गेल्या दहा वर्षांत दिल्लीने लोकांची मतं मागवली आहेत. या निर्णयांचे परिणाम सगळ्यात जास्त वर्षं ज्यांना भोगायचे आहेत, त्यांचं म्हणणं त्या फाइलीत असलंच पाहिजे. मोर्चा, हॅशटॅग, सह्यांची मोहीम यांना आपापली जागा आहे, पण फाइलीत राहतो तो लेखी कागद. तो कसा लिहायचा, कुठे पाठवायचा आणि तो वाया का जातो, ते इथे सांगितलं आहे.

आधी ओळखा, हातात काय आलंय

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मसुदा’ म्हणून फिरणारी पीडीएफ चारपैकी एका प्रकारची असते. प्रकार बदलला की पत्ता, मुदत आणि तुमचा हक्कही बदलतो.

पहिला प्रकार नियमांचा किंवा अधिसूचनेचा मसुदा. कायदा संसदेने आधीच केलेला असतो, त्याखालचे नियम मंत्रालय बनवतं. नियम ‘पूर्वप्रसिद्धीनंतर’ करावेत असं मूळ कायद्यात लिहिलं असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चं कलम २३ लागू होतं. वकील मंडळी याला जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट म्हणतात. मसुदा छापायचा, तारीख जाहीर करायची आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्यायच्या, असं हे कलम सांगतं. चार प्रकारांत तुमचा हक्क इथे सगळ्यात पक्का आहे, म्हणून पहिली हरकत अशाच मसुद्यावर लिहावी असं आम्ही सुचवतो.

दुसरा प्रकार मंत्रालयाने तयार केलेल्या, अजून संसदेत न गेलेल्या विधेयकाचा मसुदा. यासाठी फेब्रुवारी २०१४ मध्ये विधी व न्याय मंत्रालयाने सगळ्या मंत्रालयांना कळवलेलं पूर्वविधायी सल्लामसलत धोरण आहे. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेतलं टिपण द्यावं, खर्च किती येईल आणि पर्यावरण, मूलभूत हक्क, उपजीविका यांवर काय परिणाम होईल ते सांगावं, आलेल्या प्रतिक्रियांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा, असं त्यात म्हटलं आहे. पण हे धोरण आहे, कायदा नाही. कारण नोंदवून मंत्रालय ही पायरी गाळू शकतं, आणि बऱ्याचदा गाळतंही.

तिसरा प्रकार संसदेत मांडलेलं आणि समितीकडे गेलेलं विधेयक. चौथा प्रकार नियामक संस्थेचा सल्लामसलत पेपर, उदाहरणार्थ दूरसंचार नियामक ट्रायचा. ट्राय आधी टिप्पण्या मागवते, त्या संकेतस्थळावर टाकते आणि मग इतरांच्या टिप्पण्यांवर प्रति-टिप्पण्या करायलाही वेळ देते. मोठ्या कंपन्यांनी काय लिहिलं ते वाचून त्याला उत्तर द्यायची ही संधी तरुणांनी जरूर घ्यावी. या दुसऱ्या फेरीत नागरिकांकडून फार कमी येतं, त्यामुळे नीट लिहिलेलं उत्तर उठून दिसतं.

मसुदा कुठे सापडतो

सगळी मंत्रालयं धुंडाळत बसू नका. तुमच्या आयुष्याशी जवळचा संबंध असलेली दोन निवडा. शिक्षण मंत्रालय आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, किंवा पर्यावरण आणि युवक व्यवहार. दर सोमवारी त्यांच्या संकेतस्थळावरचे ‘नवीन काय’ आणि ‘सार्वजनिक सूचना’ हे दोन कोपरे पाहायचे. जोडीला भारत सरकारचं ई-राजपत्र, संसदेचं संकेतस्थळ, नागरिकांची मतं मागवणारं, २६ जुलै २०१४ पासून सुरू असलेलं सरकारी संकेतस्थळ मायगव्ह आणि विधेयकांचे सोपे गोषवारे देणारी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था. सिव्हिस हा मंच चालू असलेल्या सल्लामसलती एका जागी मांडतो. एवढं पुरे.

मुदत कधीकधी फारच छोटी असते. नीटच्या गोंधळानंतर २२ जून २०२४ रोजी परीक्षा सुधारणांसाठी के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने विद्यार्थी-पालकांच्या सूचना मायगव्हवर मागवल्या आणि ७ जुलैला खिडकी बंद झाली. महिन्यातून एकदा संकेतस्थळ पाहणाऱ्याच्या हातून ती संधी सहज निसटली असेल.

एक सावधगिरी. मायगव्हवर गप्पांच्या सदरात लिहिलेली प्रतिक्रिया म्हणजे हरकत नव्हे. मंत्रालयाच्या नोटिशीत मायगव्हचा दुवा दिला असेल तरच तिथलं लेखन ग्राह्य धरलं जातं. नोटिशीत ईमेल किंवा टपालाचा पत्ता असेल तर तिथेच पाठवायचं.

तारीख मोजताना

नोटिशीच्या वरच्या तारखेवरून मुदत मोजू नका. बहुतेक मसुद्यांत ‘ज्या दिवशी राजपत्राच्या प्रती जनतेस उपलब्ध झाल्या त्या दिवसापासून’ अमुक दिवस असं लिहिलेलं असतं. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा २०२० चा मसुदा घ्या. त्यावरची तारीख २३ मार्च होती, राजपत्रात तो आला ११ एप्रिलला आणि हरकतींना ६० दिवस होते. टाळेबंदीमुळे मंत्रालयाने मुदत ३० जूनपर्यंत वाढवली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने ती ११ ऑगस्टपर्यंत नेली. मसुद्यावर लाखो प्रतिक्रिया आल्या, त्यात विद्यार्थ्यांच्या गटांनी चालवलेल्या मोहिमांचा मोठा हात होता, आणि तो मसुदा पुढे अंतिम झालाच नाही.

मुदतवाढ मिळेल या भरवशावर थांबू नका. मागायची असेल तर पहिल्याच आठवड्यात, कारण देऊन मागा: मराठी अनुवाद नाही, विद्यापीठाच्या परीक्षा त्याच काळात आहेत, जोडलेली पीडीएफ उघडत नाही. पण हरकत मूळ तारखेच्या दोन दिवस आधी पाठवून मोकळे व्हा. शेवटच्या रात्री सरकारी मेलबॉक्स भरून ईमेल परत येतात, आणि परत आलेला ईमेल म्हणजे न पाठवलेली हरकत.

वाचायचं कसं

मसुदा हातात आला की पहिल्यांदा मूळ कायदा उघडा. सगळ्यात जास्त हरकती इथे वाया जातात. डेटा संरक्षणाच्या नियमांचंच उदाहरण घेऊ. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ चा. १८ फेब्रुवारीची मुदत नंतर ५ मार्चपर्यंत वाढली आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम झाले. कायद्याने ‘मूल’ म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती असं ठरवलं आहे आणि अशा व्यक्तीचा डेटा घेण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. या मसुद्यावर ‘अठराऐवजी सोळा करा’ एवढंच लिहून पाठवलेल्या हरकतीचा उपयोग शून्य, कारण कायद्यातली व्याख्या नियमांनी बदलता येत नाही. तिच्यासाठी संसदेत दुरुस्ती लागते. मात्र त्याच कायद्याच्या कलम ९(५) मध्ये एक फट आहे. एखादी कंपनी मुलांचा डेटा सुरक्षितपणे हाताळते याची खात्री पटली, तर ठरावीक वयावरच्या मुलांपुरती तिला सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे. सोळा-सतरा वर्षांच्यांना मोकळीक हवी असणाऱ्याने या उपकलमावर बोट ठेवून मागणी करायला हवी होती. मागणीमागची इच्छा तीच, पण ही मागणी अधिकाऱ्याला मान्य करता येण्यासारखी होते.

वाचताना तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांखाली एक रंग: बंधन कुठे आणि मर्जी कुठे, ते त्यातून कळतं. दुसरा रंग तारखा, रकमा आणि दिवसांच्या आकड्यांना. तिसरा ‘विहित केल्याप्रमाणे’ या शब्दांना, कारण तिथे खरा निर्णय पुढे ढकललेला असतो. परिशिष्टं आणि अनुसूची वगळू नका. सवलती आणि अपवाद बहुधा शेवटच्या पानांवर असतात.

मग एकच तरतूद निवडा, फार तर दोन. तुम्हाला, तुमच्या कॉलेजला, गावाला जिच्यामुळे नेमकं काय होईल हे तुम्ही अनुभवाने सांगू शकता, ती. संपूर्ण मसुद्यावर मत देण्याचं काम विधिज्ञांच्या संस्था करतात. तुमच्याकडे जी माहिती आहे ती त्यांच्याकडे नसते.

हरकत लिहिणं

नमुना म्हणून त्याच डेटा नियमांच्या मसुद्यातली एक तरतूद घेतली आहे. मुदत संपलेली असल्याने ती पाठवण्यासाठी नाही, रचना समजण्यासाठी आहे.

विषय: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम, २०२५ चा मसुदा, नियम १०(१) बाबत सूचना.

तरतूद: पालक म्हणून पुढे येणारी व्यक्ती प्रौढ आहे व तिची ओळख पटते, याची खात्री कंपनीने करावयाची आहे.

अडचण: ती व्यक्ती त्याच मुलाची पालक आहे का, हे तपासण्याची पद्धत मसुद्यात नाही. त्यामुळे कोणतीही प्रौढ व्यक्ती संमती देऊ शकेल. दुसरीकडे, आश्रमशाळेत राहणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील लांबच्या पाड्यावर किंवा ऊसतोडीला बाहेरगावी असतात. ज्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन किंवा डिजिलॉकर खाते नाही, त्यांच्या मुलांना अभ्यासाचे खासगी अ‍ॅपही वापरता येणार नाही.

सूचना: नियम १०(१) खाली पुढील मजकूर जोडावा: ‘मूल वसतिगृहात किंवा निवासी शाळेत राहत असल्यास, पालकाने संस्थाप्रमुखासमोर सही किंवा अंगठा केलेली लेखी संमती ग्राह्य धरण्यात येईल.’

आधार: मूळ कायद्याच्या कलम ९(१) नुसार संमतीची पद्धत नियमांनी ठरवायची आहे. त्यामुळे असा पर्याय देणे कायद्याशी सुसंगत आहे.

एवढंच. विषयाच्या ओळीत मसुद्याचं पूर्ण नाव आणि नियम क्रमांक आहे, त्यामुळे कारकुनाला ती योग्य गठ्ठ्यात टाकता येते. राजपत्रातला क्रमांक असेल तर तोही द्या. तरतूद स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात सांगितली आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने ती वाचली आहे हे दिसतं. अडचण कुणाला, कुठे, कशी, हे कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाची ती सूचना: जोडायचं वाक्य तयार करून दिलं आहे. ‘गरीब विद्यार्थ्यांचा विचार व्हावा’ असं लिहिलं तर वाचणारा अधिकारी सहमत होऊन पान उलटतो, कारण त्याला करायला काही उरत नाही. तयार वाक्य असेल तर त्याला ‘घ्यावं’ किंवा ‘घेऊ नये’ असा शेरा मारावा लागतो.

एका तरतुदीला एक पान पुरतं. शेवटी नाव, वय, शिक्षण किंवा काम, गाव-जिल्हा आणि ईमेल. आधार क्रमांक, जन्मदाखला, घराचा पूर्ण पत्ता देऊ नका. नोटिशीत मागितलं नसेल तर मोबाइल क्रमांकही नको. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या संकेतस्थळांना सारखी वागणूक मिळावी या विषयावरच्या सल्लामसलतीत ट्रायने दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले होते. हरकत सार्वजनिक होऊ शकते असं धरूनच लिहावं.

आकडे द्यायचे तर सरकारचेच द्या: जनगणना, शिक्षण मंत्रालयाची युडायस आकडेवारी, संसदेत दिलेली उत्तरं. स्वतः केलेली पाहणी असेल तर किती जणांना, कुठे, कोणत्या महिन्यात विचारलं ते लिहा. वसतिगृहातल्या चाळीस मुलींना विचारून मिळालेली माहिती छोटी असली तरी खरी असते. तिला ‘राज्यातल्या मुलींचं मत’ म्हणालात की तिची किंमत जाते.

मराठीत लिहिलं तर चालतं का

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठी नक्कीच त्यात बसते. २०२० च्या पर्यावरण मसुद्याबाबत तर तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. तेव्हा भाषेसाठी संकोच नको. व्यवहारात मात्र दिल्लीत बसलेल्या ज्या अधिकाऱ्याने आलेल्या हरकतींचा तक्ता भरायचा आहे त्याला मराठी येईलच असं नाही. म्हणून मूळ हरकत मराठीत, आणि वर अर्ध्या पानाचा इंग्रजी किंवा हिंदी गोषवारा: नियम क्रमांक, अडचण एका वाक्यात, सुचवलेलं वाक्य. भाषांतर यंत्राने केलं तर ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांची अदलाबदल झाली नाही ना, एवढं तरी माणसाच्या डोळ्यांनी तपासा.

पाठवल्यानंतरची पोच

ईमेलच्या मुख्य मजकुरातच हरकत पेस्ट करा आणि पीडीएफ सोबत जोडा. नुसती जोडणी पाठवली तर ती न उघडण्याचा धोका राहतो. स्वतःलाही प्रत पाठवा. संकेतस्थळावरचा अर्ज असेल तर मजकूर आधी वहीत किंवा फाइलीत लिहून ठेवा, कारण पान मध्येच बंद पडलं की सगळं जातं. सादर केल्यावर दिसणाऱ्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या. टपालाने पाठवायचं असेल तर स्पीड पोस्ट, आणि पावती जपून ठेवा. डेटा नियमांच्या वेळी, आलेल्या हरकती मंत्रालय कुणालाही उघड करणार नाही असं नोटिशीतच लिहिलं होतं. अशा वेळी तुमच्याकडची प्रत हाच एकमेव पुरावा.

मिळून करायचं असेल तर

एकाच मजकुराच्या हजार प्रती पाठवण्याचा मोह आवरा. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांवर चार ठरावीक प्रश्न विचारले होते. काही निवडक संकेतस्थळं मोफत देणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स या सेवेच्या मोहिमेतून लाखो लोकांनी साच्यातला पाठिंबा पाठवला. त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नाहीत, असं ट्रायने स्पष्ट सांगितलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला आलेल्या विनियमांनी असे भेदभावाचे दर बंद केले. संख्या दबाव आणते हे खरं, पण तक्त्यात एकसारखी पत्रं एकाच ओळीत बसतात.

पाच जणांचा गट उत्तम चालतो. ३० दिवस मिळाले तर पहिले चार दिवस सगळ्यांनी मसुदा आणि मूळ कायदा वाचायचा. पाचव्या दिवशी तरतुदी वाटून घ्यायच्या, प्रत्येकाला एक. पुढचा आठवडा माहिती गोळा करायला: ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी बोलायचं, आकडे शोधायचे. पंधराव्या दिवसापर्यंत कच्चा खर्डा. मग एकमेकांचे खर्डे अदलाबदल करून वाचायचे, आणि वाचणाऱ्याचं काम एकच: ‘हे मान्य केलं तर नियमात कोणतं वाक्य बदलेल?’ हा प्रश्न विचारायचा. उत्तर नसेल तर खर्डा परत. विसाव्या दिवशी एखाद्या विधी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना किंवा वकिलांना दाखवा. पंचविसाव्या दिवशी पाचही हरकती वेगवेगळ्या पाठवा. कॉलेजच्या लेटरहेडवर लिहायचं असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर वैयक्तिक नावाने पाठवा, त्यात काही कमीपणा नाही.

गटात अशी एक तरी व्यक्ती असू द्या जिला मसुदा पसंत आहे. पटलेल्या तरतुदीला पाठिंबा कळवणंही गरजेचं असतं. विरोधक जोरात बोलतात आणि समर्थक गप्प बसतात, तेव्हा चांगली तरतूदही शेवटच्या टप्प्यात गळून पडते.

विधेयक संसदेत गेलं असेल तर

विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. विधेयक समितीकडे गेलं की समिती बऱ्याचदा वर्तमानपत्रांतून आणि संसदेच्या संकेतस्थळावरून निवेदनं मागवते. मुदत साधारण १५ दिवसांची, निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत, दोन प्रतींमध्ये. समितीसमोर प्रत्यक्ष बोलायची इच्छा असेल तर निवेदनातच तसं स्पष्ट लिहावं लागतं. बोलावणं मिळेल की नाही हे समिती ठरवते, पण न लिहिणाऱ्याला ते येत नाही.

इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दफ्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. ते इन्स्टाग्रामवर टाकलं तर संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होऊ शकतो. विषयावर तुम्ही स्वतंत्र लेख लिहा, भाषण करा, पण सादर केलेला कागद तसाच फिरवू नका.

समितीकडे गेलेलं विधेयक कायदा होईलच असं नसतं. मुलींच्या लग्नाचं किमान वय २१ करणारं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि शिक्षण, महिला, बालक, युवक व क्रीडा विषयक स्थायी समितीकडे गेलं. सतराव्या लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. अशा विषयावर केलेला अभ्यास टाकून देऊ नका, तोच विषय नव्या नावाने परत येतो.

दुसरा रस्ता खासदारांचा. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ जण जातात, गोव्यातून २ आणि १. खासदार मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारू शकतात. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न निवडले जातात, सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा असते. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात जनसंपर्क कार्यालयात जा. खासदार भेटले नाहीत तरी स्वीय सहायकांकडे टाइप केलेला प्रश्नच द्या: मंत्रालयाचं नाव, अ-ब-क असे तीन भाग, प्रत्येकात आकडा किंवा तारीख मागणारं एक वाक्य. ‘सरकार युवकांसाठी काय करत आहे’ असा प्रश्न दिला तर योजनांची यादी मिळते. ‘अमुक शिष्यवृत्तीचे गेल्या तीन वर्षांतले प्रलंबित अर्ज, राज्यवार’ असं विचारलं तर तक्ता मिळतो, आणि तो पुढच्या हरकतीत वापरता येतो. तुमचे खासदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. शेजारच्या मतदारसंघाचे किंवा राज्यसभेचे खासदार गाठा.

‘मतदार आहात का?’ असं तिथे कुणीतरी विचारतंच. वय १७ पूर्ण झालं की मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना ६, आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, त्यांतल्या एकीला १८ पूर्ण असावं लागतं. परदेशात शिकणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी नमुना ६-अ.

लोकसभेकडे थेट याचिकाही करता येते. तिच्यावर किमान एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता लागतो आणि मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं. न्यायालयात चालू असलेला विषय चालत नाही. वेळखाऊ मार्ग आहे, पण बाकी दारं बंद असतील तेव्हा उपयोगी पडतो.

आपल्या हरकतीचं काय झालं

नियम अंतिम झाले की राजपत्रातली प्रत आणि मसुदा शेजारी-शेजारी ठेवून ओळीने वाचा. प्रस्तावनेत बहुधा ‘आलेल्या हरकती व सूचना विचारात घेण्यात आल्या आहेत’ असं एक वाक्य असतं. त्यावर समाधान मानू नका, माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर शुल्क १० रुपये, मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा, उत्तर ३० दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. या पोर्टलवर राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी अर्ज करू नका, तो परत येतो.

‘आमची सूचना का नाकारली?’ असं विचारलं तर जन माहिती अधिकारी ‘मत देणं बंधनकारक नाही’ म्हणून हात झटकतो. दस्तऐवज मागा: मसुद्यावर आलेल्या एकूण हरकतींची संख्या, २०१४ च्या धोरणानुसार तयार केलेला गोषवारा, अमुक नियमावरच्या सूचनांचा विचार केल्याचं दाखवणारी फाइलवरची टिपणं, आणि बैठकांची इतिवृत्तं. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. फाइल पाहायला गेलात तर पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये. मंत्रिमंडळाच्या कागदांना कलम ८(१)(झ) ची आडकाठी आहे, पण निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत साहित्य खुलं करावं असं तेच कलम सांगतं. हे वाक्य अर्जातच लिहा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. मग ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

अंतिम नियमांवरही एक दरवाजा उघडा असतो, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. केंद्राचे बहुतेक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशनाचे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात आणि त्या काळात खासदार त्यात बदल सुचवू शकतात. दोन्ही सभागृहांत दुय्यम विधिविधान समिती आहे. नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातात का, हे ती तपासते. तुमच्या हरकतीतला मुद्दा ‘हे कायद्यात नाही, तरी नियमात घातलं’ असा असेल, तर तीच हरकत, राजपत्राचा क्रमांक आणि मिळालेली माहिती अधिकारातली टिपणं जोडून त्या समितीच्या सचिवालयाकडे पाठवा.